मालिशीचे बिल विमा कंपनी देते काय?



दिवाळीनंतरच्या एका सकाळी मिस्सा आटोपून आम्ही ऑफिसात बसलो असता आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी बंधू प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. कलघटगीच्या बाजूला त्यांची थोडी जमीन आहे. जूनमध्ये पेरणीच्या धावपळीत खताच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवरून ते खाली पडले व उजव्या कोपराचे हाड मोडले. हुबळीतील एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, चार दिवस राहावे लागले. मुलाने दोन वर्षांपूर्वी काढून ठेवलेल्या आरोग्य विम्यातून कंपनीने ते बिल परस्पर भरले. येथवर सर्व ठीक झाले.

पिशवीत मात्र दुसरेच कागद होते. वहीच्या पानांवर लिहिलेल्या सव्वीस चिठ्ठ्या. प्रत्येकीवर तारीख, 'मालिश, रु. ३००' एवढा मजकूर आणि खाली एक सही. शेजारच्या गावातील मालिशवाल्याने महिनाभर त्यांचा हात चोळला होता, त्याच्या या पावत्या. एकूण ७,८०० रुपये. विमा कंपनीने त्या सगळ्या परत पाठविल्या होत्या. "फादर," ते म्हणाले, "चर्चच्या लेटरहेडवर तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की मालिश खरोखर झाली. तुमचं ते ऐकतील."

आम्ही ते पत्र दिले नाही. त्यांचे म्हणणे खोटे होते म्हणून नव्हे. मालिश झाली होती आणि पैसेही गेले होते. परंतु मालिश झाली की नाही, हा कंपनीचा प्रश्नच नव्हता. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की, चहाचा पेला तोंडाशी नेताना त्यांचा उजवा हात काटकोनाच्या पुढे वाकेना. त्यांनी पेला डाव्या हातात घेतला.

हे दोन्ही टाळता आले असते, पैशाचे नुकसान आणि हाताचेही. म्हणून या वेळी बी-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते की, एकदा विमा काढला म्हणजे घरातील सर्व औषधपाणी कंपनीच्या अंगावर पडले. तसे नाही. आपल्या देशात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी आणली, तेव्हापासून सर्वसाधारण पॉलिसीचा पाया एकच राहिला आहे. माणूस आजाराने किंवा अपघाताने इस्पितळात दाखल झाला, निदान चोवीस तास तेथे राहिला, तर त्या मुक्कामाचा खर्च मिळावयाचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या, एका दिवसात होणाऱ्या काही उपचारांना चोवीस तासांची अट नाही. पण रोज दवाखान्यात जाऊन घेतलेले इंजेक्शन, ताकदीचे टॉनिक, अंग दुखते म्हणून करवून घेतलेली मालिश, यांचा त्यात समावेश होत नाही. काही महाग पॉलिसींत बाहेरच्या बाहेर घेतलेल्या उपचारांसाठीही थोडी रक्कम ठेवलेली असते. आमच्यासमोर येणाऱ्या कागदांत अशी पॉलिसी क्वचितच दिसते.

मात्र इस्पितळातील मुक्कामाच्या मागेपुढे काही दिवस जोडलेले असतात आणि तेच लोकांना माहीत नसतात. 'आरोग्य संजीवनी' ही साधी पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळते. तिचे उदाहरण घेऊ. दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस, या काळात त्याच दुखण्यासाठी झालेला वैद्यकीय खर्च तीत मागता येतो. दुसऱ्या पॉलिसींत हे दिवस कमीजास्त असतील, ते आपापल्या कागदावर पाहावे. आमच्या शेतकरी बंधूंची पॉलिसी हीच होती. त्यांना ६० दिवस मिळाले होते आणि ते त्यांना कोणी सांगितले नाही.

आता 'वैद्यकीय खर्च' म्हणजे काय? येथेच सारी मेख आहे. विम्याच्या भाषेत वैद्यकीय खर्च म्हणजे आजारावर किंवा अपघातावर, नोंदणी असलेल्या डॉक्टरच्या सल्ल्याने, गरजेपुरता आणि प्रत्यक्ष झालेला खर्च. नोंदणी असलेला डॉक्टर म्हणजे ज्याचे नाव ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी अशा एखाद्या पद्धतीच्या सरकारमान्य परिषदेच्या यादीत आहे असा. मालिशवाला कितीही सज्जन असो, त्याचे बोट कितीही जाणते असो, तो या यादीत नाही. म्हणून कंपनी विचारते ते असे: हे करावे असे कोणत्या डॉक्टरने लिहून दिले? कोणत्या दुखण्यासाठी? करणारा कोण, त्याचे शिक्षण काय? आणि इस्पितळातून सोडल्यापासून कितव्या दिवशी झाले? वहीच्या पानावरील चिठ्ठी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. धर्मगुरूची सही तिच्या शेजारी आली म्हणून ती द्यायला लागत नाही.

उलट, काही गोष्टी सर्व पॉलिसींतून उघडपणे वगळलेल्या आहेत. विमा क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी प्राधिकरणाने २०१९ साली वगळण्याच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि त्यांना क्रमांक दिले. त्यांतील पाचवी बाब निव्वळ विश्रांतीसाठी दाखल होण्याची आणि तेरावी बाब स्पा, निसर्गोपचाराची विश्रामस्थाने व तत्सम जागांत घेतलेल्या उपचारांची. गोव्याला किंवा केरळात चार दिवस जाऊन तेल लावून घेतले आणि बिल हुबळीत येऊन विमा कंपनीला दिले, तर ते तेराव्या क्रमांकावर अडकणार हे नक्की समजावे. शिवाय इस्पितळाच्या बिलातही रुग्णाने स्वतः भरावयाच्या ६८ वस्तूंची एक यादी असते. कमरेचा पट्टा, शेकण्याची गरम-थंड पिशवी, सौंदर्योपचार या गोष्टी त्या यादीत आहेत.

एक खूण आम्हाला उपयोगी वाटते. डॉक्टर, इस्पितळ किंवा त्यांच्या हाताखालील प्रशिक्षित माणसांनी दिलेल्या उपचारावर जीएसटी नसतो; अंग चोळून घेण्याच्या चैनीवर असतो. तेव्हा मालिशीच्या रकमेवर जीएसटी लावलेली पावती हातात आली, तर देणाऱ्यानेच तिला उपचार मानलेले नाही, असे समजावे. मग कंपनीने तरी का मानावे?

हे वाचून कोणी असे समजू नये की वैद्यकशास्त्र मालिशीला तुच्छ लेखते. आपल्या बायका भांगलणीत, कापूस व मिरची वेचताना दिवस दिवस वाकून असतात. पुरुष ट्रॅक्टरच्या बैठकीवर हाडे खिळखिळी करून घेतात. पाठीचे दुखणे हे काही आपल्याच भागाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि माणसाला कामातून उठविणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला आहे. याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर सल्ला प्रसिद्ध केला. त्यात व्यायाम व रुग्णाला दुखण्याची नीट समज देणे यांच्याबरोबर मालिशीलाही स्थान दिले आहे. उलट कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे नित्यनेमाने करू नये, असे म्हटले आहे. आपल्याकडे मेडिकल दुकानातून पहिल्यांदा पट्टाच आणला जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणि तेल लावण्याला शुभवर्तमानाचाही आधार आहे. शोमरोनी गृहस्थाने वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्याला उतारशाळेत नेले, मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि जास्त लागेल ते परतताना देईन असे सांगितले. त्या मालकाने वरच्या खर्चाचा हिशेब तारीखवार लिहून ठेवला असणार, असे आम्हाला नेहमी वाटते.

परंतु जुनाट कंबरदुखी वेगळी आणि नुकतेच मोडलेले हाड वेगळे. येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आमच्या बंधूंचे खरे नुकसान येथे झाले. कोपर हा सांधा फार मानी आहे. त्याला मार लागल्यावर, हाड मोडल्यावर किंवा निखळल्यावर तो जोराने चोळला, हिसका देऊन ओढला, तर पुढच्या बाजूच्या स्नायूत, जेथे हाड असता कामा नये तेथे, हाड तयार होण्याचा धोका असतो. डॉक्टर याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. सांधा मग हळूहळू गंजलेल्या बिजागरीसारखा होतो. हाडांचे डॉक्टर म्हणूनच दुखावलेल्या कोपराची मालिश करू नका, असे बजावतात. कोपराला हवी असते ती रुग्णाने स्वतः, दुखण्याच्या मर्यादेत, दिवसातून अनेकदा केलेली हालचाल. आणि ती शिकविणारा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. आमच्या बंधूंना इस्पितळातून निघताना "हात हलवत राहा" एवढे तोंडी सांगितले गेले. त्यांनी घरी जाऊन 'हलवत राहा'चा अर्थ आपल्या परीने लावला. तेल गरम केले आणि मालिशवाल्याला बोलावले. तो बिचारा कोपर सरळ होत नाही असे पाहून रोज थोडा अधिक जोर लावीत गेला.

कोपराशिवाय आणखीही काही ठिकाणी तेलाचा हात लावू नये. एका पायाची पोटरी अचानक सुजून गरम व दुखरी झाली, तर आत शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल, दोन्ही पायांच्या मधला भाग बधिर होत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर मालिशवाल्याकडे नव्हे, त्याच दिवशी इस्पितळात जावे. म्हाताऱ्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात, तेथेही बेताने.

आता पैशाकडे येऊ. जूनमध्ये त्या इस्पितळातून निघताना डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी समजा एक ओळ लिहिली असती: उजव्या कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे फिजिओथेरपी, आठवड्यातून अमुक वेळा. आणि समजा ती वीस वेळा झाली असती व दर वेळचे ४०० रुपये पडले असते. एकूण ८,००० रुपये. 'आरोग्य संजीवनी'त प्रत्येक क्लेमचे ५ टक्के विमेदाराने सोसावयाचे असतात, म्हणजे ४०० रुपये त्यांचे आणि ७,६०० कंपनीचे. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत, दर जागोजागी वेगळे.) फिजिओथेरपिस्ट उपचाराचा भाग म्हणून हाताने स्नायू सैल करतो, तीही एक मालिशच, परंतु ती डॉक्टरच्या चिठ्ठीखाली, शिकलेल्या हाताने, ठरलेल्या मुदतीत झालेली असल्यामुळे तिचे बिल चालते. तेच काम, तेवढेच पैसे, आणि कोपर वाकला असता तो वेगळाच.

धारवाडजवळ सत्तूरला एसडीएम इस्पितळाबरोबर फिजिओथेरपीचे कॉलेजही आहे, आणि हुबळीत १९५७ साली सुरू झालेले सरकारी मेडिकल कॉलेज, ज्याला लोक अजून 'किम्स' म्हणतात, तेथे गरिबाला परवडेल अशा दरात उपचार होतात. खासगी ठिकाणी जावयाचे तर कर्नाटकाच्या २००७ च्या कायद्याखाली त्या जागेची नोंदणी आहे का, हे भिंतीवर पाहावे. नोंदणीचा दाखला लावलेला असतो, किंवा असावा.

आयुर्वेदाचे काय, असा प्रश्न येणारच, कारण अभ्यंग, स्वेदन, कटिबस्ती हे सर्व तेलाचेच उपचार आहेत. पूर्वी कंपन्या आयुर्वेदासाठी फार तर थोडी रक्कम ठेवीत. आयआरडीएआयने आदेश काढून १ एप्रिल २०२४ पासून आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावे असे कंपन्यांना सांगितले. ही मोठी गोष्ट झाली. परंतु बरोबरीने याचा अर्थ अटीही बरोबरीच्या. दाखल होण्याजोगे दुखणे पाहिजे, त्याचे निदान कागदावर पाहिजे आणि जागा खरोखरीचे इस्पितळ पाहिजे. विम्याच्या व्याख्येप्रमाणे आयुष इस्पितळात निदान पाच खाटा, चोवीस तास नोंदणीकृत वैद्य, उपचाराचे स्वतंत्र विभाग आणि रोजच्या रोज ठेवलेली रुग्णांची नोंद लागते. गृध्रसीने, म्हणजे सायटिकाने, पाय टेकवत नाही म्हणून वैद्यांनी दाखल करून घेतले, तर तेथील कटिबस्तीचे पैसे मिळू शकतात. पावसाळा आला, शरीरशुद्धी करून घेऊ, म्हणून गेल्यास मिळणार नाहीत. 'शुद्धी' हा शब्द बिलावर दिसला की कंपनीचा माणूस पेन खाली ठेवतो, असे एका एजंटानेच आम्हाला हसत सांगितले.

येथे एका अप्रिय गोष्टीबद्दल लिहिणे भाग आहे. आमच्याच माणसांपैकी एका कुटुंबाला एका ठिकाणी असे सुचविण्यात आले: "रोज सकाळी येऊन मालिश घेऊन घरी जा, आम्ही कागदावर चार दिवस दाखल दाखवतो, विम्यातून निघेल, तुम्हाला काही पडणार नाही." ठिकाणाचे नाव आम्ही लिहीत नाही. त्या बाईंनी आम्हाला विचारले, "फादर, कंपनी तर इतकी मोठी, तिचं काय जातं?"

कंपनीचे काहीच जात नाही, आपले जाते. विम्याचा पैसा म्हणजे कोणा शेठजीची तिजोरी नव्हे. हजारो कुटुंबांनी भरलेल्या हप्त्यांचा तो साठा आहे. त्यात कलघटगीच्या शेतकऱ्याचा हप्ता आहे, हुबळीच्या रिक्षावाल्याचा आहे. खोटी बिले वाढली की पुढच्या वर्षी हप्ता सर्वांचा वाढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत व कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला, हप्ता हलका झाला. तो हलकेपणा खोट्या बिलांत पुन्हा बुडू नये. आणि प्रापंचिक दृष्टीनेही हा धंदा मूर्खपणाचा आहे. क्लेम खोटा ठरला तर त्या पॉलिसीखालील लाभ बुडतात, आणि उद्या खरोखरच हृदयविकार झाला तर हाती काही राहत नाही. ज्या दिवशी तुम्ही इस्पितळात 'दाखल' होता, त्याच दिवशी तुमचा मोबाईल बाजारात होता आणि दुधाच्या डेअरीत तुमची सही होती, हे शोधणे आता कठीण नाही. सातवी आज्ञा चोरीची आणि आठवी खोट्या साक्षीची. एकाच बिलावर दोन्ही मोडल्या जातात. आम्ही त्या बाईंना एवढेच सांगितले. त्यांनी पुढे पंधरा दिवस रोख पैसे देऊन मालिश घेतली, आराम पडला, आणि पैसे त्यांना जड गेले हेही खरे.

ज्यांच्याकडे खासगी विमा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहकारी संस्थांच्या सभासदांची यशस्विनी योजना २००३ साली सुरू झाली तेव्हा शेतकरी महिन्याला ५ रुपये भरीत असे. २०१८ मध्ये ती थांबून आरोग्य कर्नाटक योजनेत मिसळली, आणि २०२३ च्या आरंभी पुन्हा स्वतंत्र सुरू झाली. मुळात ती शस्त्रक्रियांसाठी आखलेली आहे. मालिशीची किंवा रोजच्या फिजिओथेरपीची तीत अपेक्षा धरू नये. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत मदत आहे. तीही दाखल रुग्णांसाठीच आहे. ईएसआयची गोष्ट निराळी. २०१७ पासून २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ती लागू आहे, आणि तीत दाखल न होताही दवाखान्याचे उपचार मिळतात. गोकुळ रोड, तारिहाळच्या कारखान्यांतील आपल्या मुलांनी हे कार्ड पाकिटात घालून ठेवण्यापेक्षा वापरावे. रेल्वेच्या कुटुंबांना तर सांगणे नकोच. वर्कशॉपमध्ये आयुष्य घातलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी निवृत्तांच्या वैद्यकीय योजनेत नाव घातले आहे, त्यांनी आधी रेल्वे इस्पितळात जावे, बाहेर पैसे मोडू नयेत.

परदेशातील नातलग फोनवर काही वेगळेच सांगतात, त्याने गोंधळ होतो. जर्मनीत १८८३ पासून आजारपणाचा विमा आहे. तेथे डॉक्टरने लिहून दिलेली मालिश विम्यातून मिळते, आणि रुग्ण खर्चाचे १० टक्के व प्रत्येक चिठ्ठीमागे १० युरो भरतो. अमेरिकेत मालिशीला बिलात स्वतंत्र क्रमांकच आहे, ९७१२४, दर पंधरा मिनिटांचा एक भाग. पण तेथील वृद्धांची सरकारी मेडिकेअर योजना मालिशीचे पैसे देत नाही. म्हणजे क्रमांक असला म्हणून पैसे मिळतातच असे नाही. आणि जेथे मिळतात, तेथेही डॉक्टरची चिठ्ठी आधी, तेलाची बाटली नंतर.

तेव्हा कागदांबद्दल. ठरवून करावयाची शस्त्रक्रिया असेल तर निदान ४८ तास आधी, आणि अपघात असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांत कंपनीला कळवावे; कार्डावर फोन नंबर असतो. घरी सोडण्याच्या दिवशी सगळ्यांना निघण्याची घाई असते, रिक्षा दारात उभी असते. तरी डिस्चार्जचा कागद हातात घेऊन एकदा वाचावा. त्यात पुढील उपचार लिहिलेला नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, व्यायाम शिकवायला कोणाकडे जाऊ, किती दिवस, तेवढं यात लिहून देता का?" बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात, कोणी विचारीतच नाही. फिजिओथेरपीच्या प्रत्येक पावतीवर छापील क्रमांक, तारीख, रुग्णाचे नाव, कोणत्या अवयवाचा कोणता उपचार, आणि देणाऱ्याचे नाव, पदवी व सही असावी. किती वेळा झाले याचा तारखांचा एक तक्ता त्यांच्याकडूनच करून घ्यावा. क्लेमच्या फॉर्मचे दोन भाग असतात: पहिला आपण भरावयाचा, दुसरा इस्पितळाने. इस्पितळाचा भाग सही-शिक्क्यासह निघतानाच मागून घ्यावा, मागाहून त्यासाठी दोनदोनदा खेपा घालाव्या लागतात. इस्पितळातील खर्चाचे कागद सोडल्यापासून ३० दिवसांत, आणि नंतरच्या उपचाराचे कागद तो उपचार संपल्यापासून १५ दिवसांत द्यावयाचे, असे 'आरोग्य संजीवनी'त आहे. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स घरी ठेवावी. उंदीर आणि पावसाचे गळते पाणी यांपासून ती पत्र्याच्या पेटीत सुरक्षित राहते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

एवढे करूनही बिल नाकारले, तर कंपनीने कारण लेखी द्यावे असा आपला हक्क आहे. पॉलिसीचे कोणते कलम लावले, हे त्यात असले पाहिजे. प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करावा. आयआरडीएआयच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. एक महिना उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर बंगळुरूच्या विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जावे. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र जेथे डॉक्टरची चिठ्ठीच नव्हती, तेथे लोकपाल काय करणार? आमच्या शेतकरी बंधूंच्या सव्वीस चिठ्ठ्यांसाठी आम्ही अर्ज लिहिला नाही, कारण त्यात मागण्यासारखे काही नव्हते.

त्याऐवजी त्यांना घेऊन आम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. नवा एक्स-रे काढला. स्नायूत हाड धरले आहे, पण थोडे, असे ते म्हणाले. आता चोळणे पूर्ण बंद, व्यायाम सुरू. या वेळी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. साठ दिवस केव्हाच संपले असल्याने हे पैसे बंधूंच्याच खिशातून जात आहेत. अडीच महिने झाले. भाकरीचा घास उजव्या हाताने तोंडापर्यंत पोहोचतो, सदऱ्याच्या वरच्या गुंडीपर्यंत हात अजून जात नाही.

ज्यांना आपली पॉलिसी वाचून घ्यावयाची असेल, त्यांनी पुढील दोन रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ऑफिसात यावे. आपल्यातील बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेथे बसणार आहेत. येताना मूळ पॉलिसी आणावी. मोबाईलवर काढलेला अस्पष्ट फोटो आणू नये, त्यांची दृष्टी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.